मानेवर मार्क मिळत नाहीत

ज्याची मान कमावलेली, तो पोरगा अभ्यासातही टिकतो, असं मी वर्गात, मैदानावर, पालकसभेत आणि गॅदरिंगच्या भाषणात इतक्या वेळा सांगितलं आहे की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना ते वाक्य अजून पाठ असेल. शारीरिक शिक्षण संचालक म्हणून माझी नोकरी आधी अकोला जिल्ह्यात आणि मग अमरावतीत झाली. दोन्हीकडे हे वाक्य चाललं, टाळ्याही मिळाल्या. आज मी ते मानत नाही. मान बळकट असावी, याबद्दल माझा आग्रह पूर्वीइतकाच आहे. पण मान आणि गुणपत्रिका यांच्यात जे नातं मी लावून दिलं होतं, ते तपासल्यावर टिकलं नाही. नातं आहे, मात्र ते निराळं आहे, मी सांगायचो त्याहून बरंच लहान आहे आणि विद्यार्थ्याच्या जास्त उपयोगाचं आहे. माझं जुनं वाक्य पुढे सांगणारे अजून पुष्कळ आहेत, म्हणून हे मतांतर जाहीरपणे लिहून ठेवतो आहे.

अमरावतीत वाढलेल्या माणसाला बलोपासना वेगळी शिकवावी लागत नाही. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी इथे ‘हनुमान क्लब’ काढला. त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. गावाच्या तोंडी ते एचव्हीपीएम. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचा चमू समुद्र ओलांडून गेला आणि कबड्डीसारख्या आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं तिथे दाखवून आला. हुतात्मा राजगुरूंचं नावही या आखाड्याशी जोडलेलं आहे. १९६७ मध्ये मंडळाचं शारीरिक शिक्षणाचं पदवी महाविद्यालय सुरू झालं आणि पुढे मंडळाने अभियांत्रिकी महाविद्यालयही काढलं. एकाच संस्थेत कुणी मल्लखांबाला एरंडेल चोपडतो आहे, कुणी इंजिनीअरिंगच्या सबमिशनसाठी धावतो आहे, हे पाहतच आम्ही मोठे झालो. शरीर आणि विद्या यांची सांगड असते, असं आम्हाला कुणी पटवून द्यायची गरजच नव्हती.

त्यात आखाड्यात मान कमावणं हे स्वतंत्र खातं. कुस्तीत समोरच्याचा पंजा पहिल्यांदा मानेवर पडतो. मान खाली गेली की कंबर वाकते, कंबर वाकली की डाव बसतो. म्हणून मातीत उतरल्यावर मानेचं काम न चुकता व्हायचं. पाठीवर पडायचं, टाचा आणि टाळू एवढंच जमिनीला टेकवून धड उचलायचं, आणि नाक मातीला लागेपर्यंत मागेपुढे झुलायचं. याला आम्ही पूल म्हणायचो. मग जोडीदार दोन्ही हात मानेमागे गुंफून खाली ओढणार आणि आपण तोंड वर ठेवून रेटायचं. जुन्या तालमींत गळ्यात दगडाचं जड कडं घालून बैठका मारणारे मल्ल होते. ते कडं आमच्या वेळी कोपऱ्यात पडलेलं असायचं आणि नवखी पोरं ते उचलून बघायची, तेवढंच. काही महिन्यांत शर्टाची कॉलर लागेनाशी व्हायची. त्या न लागणाऱ्या कॉलरचा केवढा तोरा असे!

पुढे मी शिकवायला लागलो आणि याच चष्म्यातून वर्गाकडे पाहू लागलो. पहाटे पाचला आखाड्यात येणारी वसतिगृहाची पोरं वाचनालयात ताठ बसलेली दिसायची. त्यांतले कित्येक पुढे फौजदार झाले, मास्तर झाले, तलाठी झाले. उलट मागच्या बाकावर मान टाकून बसणारे पेपरातही मान टाकायचे. मी दोन ठिपके जोडले आणि रेघ ओढली. शिवाय शास्त्राचा आधारही तयार होता: शीर्षासनाने मेंदूला जादा रक्त जातं, मानेच्या व्यायामाने तो रस्ता मोकळा राहतो, म्हणून स्मरणशक्ती वाढते. हे मी कुठे वाचलं होतं कोण जाणे; पण सांगताना आवाज कधी डगमगला नाही.

या मताला पहिला धक्का बसला तो कॉलेजच्या हॉलमध्ये, एका सतरंजीवर. ओळखीच्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंना मी विद्यार्थ्यांपुढे मानेबद्दल बोलायला बोलावलं होतं. त्यांनी एक सोपी चाचणी दाखवली. पाठीवर निजायचं, गुडघे उभे, हनुवटी हलकेच गळ्याकडे ओढून घ्यायची, आणि ती तशीच ठेवून डोकं जमिनीपासून फक्त दोन बोटं वर उचलायचं. हनुवटी पुढे आली किंवा डोकं टेकलं की घड्याळ बंद. ही चाचणी मानेच्या पुढच्या बाजूच्या, मणक्यांना लगटून असलेल्या खोल स्नायूंचा दम बघते. बाहेरून दिसणारा जाड पट्टा वेगळा; हे आतले स्नायू बारीक असतात आणि डोकं सावरून धरण्याचं दिवसभराचं काम त्यांच्याकडे असतं. परदेशी अभ्यासांत मान न दुखणारी माणसं सरासरी ३९ सेकंदांच्या आसपास टिकली आणि दुखणारी २४ च्या आसपास, असं बाईंनी सांगितलं.

मी अर्थातच माझा सगळ्यात लाडका पैलवान पुढे केला. विद्यापीठाच्या कुस्ती संघातला गडी. तो सतरंजीवर पडला, डोकं उचललं आणि छताकडे बघत राहिला. हॉलमधल्या पोरांना कंटाळा येऊन चुळबुळ सुरू झाली तरी हनुवटी हलली नाही. मग बाईंनी एम.एस्सी.च्या एका मुलीला बोलावलं. तिने ओढणी नीट खोचली, डोकं उचललं, आणि थोड्याच वेळात तिच्या गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा थरथरायला लागल्या, हनुवटी पुढे आली, डोकं टेकलं. हॉलमध्ये कुणीतरी मोठ्याने म्हणालं, “सर, हे तं डिपार्टमेंटमध्ये पहिली आहे अन् याच्या दोन एटीकेट्या आहेत!” सगळे हसले. मीही हसलो आणि अपवाद असतातच, असं म्हणून वेळ मारून नेली.

कार्यक्रम संपल्यावर ती मुलगी बाईंशी बोलत होती, ते मात्र माझ्या कानावर पडलं. “म्याडम, उचलता नाही आलं त्याचं काही नाही. पण रात्री वाचून राह्यली का डोक्याच्या मांगून दुखाले लागते. मंग तीच ओळ दोन-तीनदा वाचा लागते.” बाईंनी पिशवीतून एक छापील कागद काढला आणि तिच्याकडून भरून घेतला. मानदुखीने रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो, हे मोजायची ती प्रश्नावली आहे. कॅनडातल्या हॉवर्ड व्हर्नन यांनी ती तयार केली आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दहा भाग आहेत. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण पन्नास. दुखणं किती, अंघोळ-कपडे स्वतःचे स्वतः करता येतात का, ओझं उचलता येतं का, काम, गाडी चालवणं, झोप, करमणूक ही त्यातली अपेक्षित नावं. मी थबकलो ते उरलेल्या तीन नावांवर: वाचन, डोकेदुखी, एकाग्रता. एकाग्रतेच्या रकान्यात ‘मनात आणलं की लक्ष लागतं’ इथपासून ‘लक्ष लागतच नाही’ इथपर्यंत पायऱ्या होत्या. ती मुलगी पेन हातात धरून त्या पायऱ्यांवर विचार करत उभी होती. मान आणि अभ्यास यांचं नातं एका साध्या कागदावर छापलेलं होतं, आणि त्यात ताकदीचा शब्दही नव्हता.

त्यानंतर मी माझं सूत्र एकेका बाजूने ठोकून पाहायला घेतलं. सरावातला मास्तर असल्यामुळे पहिला ठोका अगदी साध्या जागी दिला. बायकांच्या मानेची ताकद सरासरीने पुरुषांपेक्षा बरीच कमी असते, याबद्दल वाद नाही. मानेच्या ताकदीवर मार्क मिळत असते तर मुली मागे राहायला हव्या होत्या. आपल्या राज्यात बारावीच्या निकालात काय होतं? २०२४ चा निकाल घ्या: मुली ९५.४४ टक्के उत्तीर्ण, मुलगे ९१.६० टक्के. दरवर्षी पेपरात ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हा मथळा मी वाचत होतो आणि त्याच दिवशी मैदानावर जाऊन मुलांना मानेचं महत्त्व सांगत होतो. या दोन गोष्टी माझ्या डोक्यात शेजारी-शेजारी राहिल्या, कधी भेटल्या नाहीत. खरं सांगायचं तर माझ्या सूत्रात मुली नव्हत्याच. आखाडा मुलांचा, कॉलर मुलांची, उदाहरणं मुलांची.

दुसरा ठोका. वऱ्हाडात भक्कम माना कुणाच्या? अकोल्याच्या बाजार समितीत पाठी-मानेवर पोती वाहणाऱ्या हमालांच्या. वेचणीच्या दिवसांत कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन शेतातून येणाऱ्या बायांच्या, मेळघाटात जळणाच्या मोळ्या वाहणाऱ्यांच्या. डोक्यावर ओझं वाहायची सवय असलेल्या आफ्रिकेतल्या बायकांवर १९८६ मध्ये एक गाजलेला अभ्यास झाला. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकं ओझं त्या जादा शक्ती खर्च न करता वाहून नेतात, असं त्यात दिसलं. मान आणि चाल इतकी तयार असते. पण या मानांना शाळेचा बाक किती वर्षं मिळाला? ज्यांना तो मिळाला नाही, त्यांच्या मुलांना मी ‘मान कमवा, मार्क मिळतील’ असं सांगत होतो. त्यांच्या घरात सगळ्यात कमावलेली मान आईची होती.

तिसरा ठोका पहाटे पाचला आखाड्यात येणाऱ्या पोरांवर. ती यशस्वी झाली हे खरंच आहे. पण पहाटे पाचला रोज येऊ शकणारा मुलगा मुळातच कोण असतो? ज्याला रात्री वेळेवर झोपता येतं, ज्याच्या डब्यात दूध-शेंगदाणे येतात, ज्याने चार वर्षांनी काय व्हायचं ते ठरवलेलं असतं आणि जो कंटाळा आला तरी उठतो. त्याचे मार्क या सगळ्यातून आले. मान जाड झाली, तीही या सगळ्यातूनच. मी परिणामालाच कारण समजत होतो. शिवाय जे आखाड्यात येऊनही नापास झाले, ते पुढे मला भेटायला आलेच नाहीत. शिक्षकदिनाला नमस्कार करायला फौजदार येतो. ज्याचं बस्तान बसलं नाही, तो येत नाही. माझा हिशेब आलेल्यांच्या नमस्कारावर चालला होता.

शेवटचा ठोका स्वीडनहून आला आणि तो पचवायला मला वेळ लागला. तिथे तरुणांना लष्करात भरती होताना शरीराच्या आणि बुद्धीच्या दोन्ही चाचण्या द्याव्या लागत. १९५० ते १९७६ या काळात जन्मलेल्या १२ लाखांहून अधिक पुरुषांच्या नोंदी तपासून २००९ मध्ये संशोधकांनी निष्कर्ष मांडला. हृदय-फुप्फुसांचा दम आणि बुद्धिचाचणीतले गुण यांचा संबंध दिसला. स्नायूंच्या ताकदीचा तसा संबंध दिसला नाही. पंधरा ते अठरा या वयात ज्यांचा दम वाढला, त्यांचे अठराव्या वर्षीचे गुणही चांगले होते, आणि पुढच्या शिक्षणाशीही त्या दमाचं नातं दिसलं. यात ताकद म्हणून हाताची पकड, कोपर आणि गुडघा यांचा जोर मोजला होता, मान मोजली नव्हती. आणि नोंदींवरून संबंध कळतो, कारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण माझ्या बाजूने बोलायला त्यात एक ओळ सापडेना. आयुष्यभर मी आखाड्याची भलामण केली आणि पुरावा मात्र धावपट्टीच्या बाजूने उभा राहिला. दंड-बैठका मारून घाम गाळणाऱ्या माझ्यासारख्याला हे ऐकायला बरं वाटत नाही.

मेंदूच्या रक्ताचं जे सांगत होतो, तेही तपासलं. निरोगी माणसाचा मेंदू स्वतःकडे येणारं रक्त स्वतःच सांभाळतो. आपण उभे असू, आडवे असू, की रक्तदाब थोडा वरखाली झाला असेल, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसून-पसरून तो पुरवठा बराचसा सारखा ठेवतात. मान मजबूत केली म्हणून तिथे जादा पाणी सुटत नाही. शीर्षासन ज्याला नीट शिकवलं आहे त्याने जरूर करावं; परीक्षेच्या आदल्या महिन्यात कुठल्यातरी व्हिडिओवरून, स्मरणशक्तीसाठी म्हणून, कच्च्या मानेवर करू नये. पुलाचंही तेच. पूल हा कुस्तीगिराचा व्यायाम आहे, उस्तादाच्या नजरेखाली महिनोन्महिने चढत जायचा. कुस्ती, बॉक्सिंग, कबड्डी खेळणाऱ्यांना मानेची ताकद हवीच, कारण तिथे डोकं सांभाळायचा प्रश्न असतो. अमेरिकेत हायस्कूलच्या खेळाडूंवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांची मान मजबूत, त्यांना डोक्याला मार बसून भोवळ-विस्मरण होण्याचं प्रमाण कमी दिसलं. अकोल्याच्या बॉक्सरने मान कमावावी ती यासाठी.

मग सामान्य विद्यार्थ्याच्या मानेचं काय? त्यासाठी आखाडा सोडून अभ्यासिकेत जावं लागतं. अमरावतीत आणि अकोल्यात आता चौकाचौकावर अभ्यासिका आहेत. खाली झेरॉक्सचं दुकान, वर अभ्यासिका. आत प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक ट्यूब, एक चार्जिंग पॉइंट, एक सपाट फळी आणि बहुतेक ठिकाणी प्लास्टिकची खुर्ची. एमपीएससीवाला, पोलीस भरतीवाला, नीटवाली, सेटची तयारी करणारी प्राध्यापिका, सगळे महिन्याचे पैसे भरून आठ-दहा तास तिथे बसतात. वैशाखात बाहेर पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो आणि आत कूलर घरघरत असतो. पुस्तक फळीवर सपाट पडलेलं, मोबाइल त्याहून खाली, मांडीत. त्यावर पीडीएफ उघडलेली. कप्प्यांच्या मागून चालत गेलं तर डोकी दिसतच नाहीत, ओळीने वाकलेल्या मानांची मागची हाडं तेवढी दिसतात.

माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते खांद्यांच्या सरळ वर असतं तोवर मानेला जड नाही. न्यूयॉर्कचे मणक्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर हिशेब मांडला होता: डोकं १५ अंश झुकलं की मानेवरचा भार सुमारे १२ किलोचा, ६० अंशांना सुमारे २७ किलोचा. हे आकडे आता दवाखान्यांच्या भिंतीवर लागले आहेत. ते संगणकातल्या प्रतिकृतीवरून काढलेले आहेत, जित्या माणसाच्या मानेत काटा घालून मोजलेले नाहीत. आणि वाकून बसणाऱ्या प्रत्येकाची मान दुखतेच असंही नाही. पण मान ज्याची त्याला सांगते. एका स्थितीत तासन् तास धरून ठेवलेला स्नायू थकतो, मागून दुखणं चढतं, कवटीच्या पायथ्याशी ठणका बसतो, आणि मग तीच ओळ दोन-तीनदा वाचावी लागते.

इथे मान आणि अभ्यास यांची गाठ पडते. बैलगाडीच्या आसाला वंगण नसेल तर चाक कुरकुरतं, अडतं. पण वंगणाने गाडी पुढे जात नाही, ओढायला बैलच लागतात. मानेचं काम अभ्यासात एवढंच, वंगणाचं. ती दुखली तर वेळ खाते. बळकट असली तर वेळ खात नाही. जादा मार्क तिच्याकडे मागू नयेत.

दुखणाऱ्या मानेला व्यायामाने आराम पडतो, याचा पुरावा मात्र चांगला आहे, आणि माझ्यातल्या जुन्या मास्तराचं समाधान इथे झालं. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या, कार्यालयात बसून काम करणाऱ्या १८० स्त्रियांवर वर्षभर प्रयोग झाला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. मानेचे जोराचे किंवा दमाचे व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं, फक्त ताण देणारे आणि चालण्या-फिरण्याचे व्यायाम करायला सांगितलेल्या गटापेक्षा स्पष्ट कमी झालं. डेन्मार्कमध्ये २०११ च्या एका प्रयोगात रबरी पट्टा ओढण्याचा व्यायाम काहींना रोज बारा मिनिटं दिला, काहींना रोज फक्त दोन. आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. दोन मिनिटवाल्यांचंही मान-खांद्याचं दुखणं चांगलंच उतरलं. या दोन्ही ठिकाणी मोजलं ते दुखणं. परीक्षेचे गुण तिथे कुणी मोजले नाहीत, आणि मीही आता त्यांच्या तोंडी ते घालणार नाही.

त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या मुलांना आणि आता मुलींनाही मी जे सांगतो, ते फार थोडं आहे. हनुवटी आत ओढून डोकं दोन बोटं उचलायचं, जमेल तेवढंच. पंचा कपाळाला लावून त्यावर मानेने रेटायचं, मग मागून, मग दोन्ही बाजूंनी. मान जागची हलू द्यायची नाही. खांदे मागे खेचण्यासाठी दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा. अर्ध्या तासाने उठायचं, पाणी पिऊन यायचं. पुस्तक सपाट ठेवायचं नाही. आणि बुद्धीसाठी काही करायचंच असेल तर सकाळी धावायचं; छत्री तलावाकडे जा, वडाळीकडे जा, अकोल्यात असाल तर मैदानावर जा. पोलीस भरतीची पोरं सोळाशे मीटरसाठी जो दम कमावतात, तो अभ्यासिकेतल्या इतरांनीही कमावला तर वाईट काही होणार नाही. हात किंवा बोटं बधिर होत असतील, कळ खांद्यातून खाली उतरत असेल, तर व्यायाम नको, आधी डॉक्टर. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गळ्यात पट्टा घालून बसायचं नाही. पट्टा काम करतो आणि स्नायू सुस्तावतात.

जुने सहकारी विचारतात, “म्हणजे आखाडा बंद करा म्हणता काय जी?” मुळीच नाही. कुस्ती कुस्तीसाठी खेळावी, मल्लखांब मल्लखांबासाठी चढावा. ज्या विद्येने आपली माणसं १९३६ मध्ये बर्लिनपर्यंत नेली, तिला गुणपत्रिकेचा टेकू देण्याची गरज नाही. उलट तो टेकू आपणच दिला, म्हणून परीक्षा जवळ आली की पालक पोराला मैदानावरून ओढून नेतात: मार्क वाढत नाहीत ना, मग कशाला? मार्कांचं आमिष दाखवून आणलेला मुलगा मार्कांच्या नावावरच परत जातो.

माझं सांगणं आता मुलांपेक्षा मोठ्यांना जास्त आहे. अभ्यासिका चालवणाऱ्यांनी आणि कॉलेजांच्या ग्रंथपालांनी एवढं करावं. सपाट फळीवर पुस्तक तिरकं उभं राहील असा लाकडी उतार बसवावा. गावच्या देवळात पोथी आणि मशिदीत कुराण अशाच उतारावर ठेवून वाचतात. सुताराला वेगळं शिकवावं लागणार नाही. पाठीला टेका देणारी खुर्ची द्यावी. दर तासाला एकदा घंटा वाजवून सगळ्यांना पाच मिनिटं उठवावं. कूलरच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. आणि माझ्यासारख्या क्रीडाशिक्षकांनी व्यायामाच्या नावावर मार्कांचं आश्वासन देणं थांबवावं. मार्क ज्याचे त्याने वाचून मिळवावेत. वाचताना त्याची मान दुखू नये, एवढी सोय करून देणं आपलं काम आहे.